गोबर गॅसच्या शेगडीसाठी ठिणगी-यंत्र: ५५५ टायमर आणि गाडीच्या इग्निशन कॉइलपासून

गोबर गॅसच्या शेगडीला पेटवायची सोय सहसा नसते. पावसाळ्यात काडीपेटी सादळते. हातातला पिझो लायटर एका दाबात एकच ठिणगी देतो, आणि गोबर गॅस त्या एका ठिणगीवर पेटेलच असं नाही. मोठ्या कढईखालच्या भट्टीच्या बर्नरजवळ तर काडी घेऊन हात न्यायलाच जीव धजावत नाही. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारं, सेकंदाला वीसेक ठिणग्या देणारं यंत्र फार उपयोगी पडतं. ते घरी बनवता येतं, आणि ते बनवताना वीज-चुंबकाचं जे शिक्षण होतं ते पुस्तकातून होत नाही.

सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो आणि ५५५ टायमरचा एखादा तरी सर्किट पूर्वी केलेला आहे, अशा वाचकासाठी हा लेख आहे. शाळकरी मुलांनी हे मोठ्या जाणत्या माणसाबरोबरच करावं. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे बनवू नये आणि चालू असताना जवळही थांबू नये. घरातल्या आयएसआय मार्कच्या एलपीजी शेगडीला भोकं पाडून हे बसवू नका. त्या शेगड्या आयएस ४२४६ प्रमाणे तपासलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी एका पेन्सिल सेलवर चालणारं तयार इग्निशन बाजारात मिळतं. आपलं यंत्र डोळ्यांसमोरच्या उघड्या बर्नरसाठी आहे, दुसऱ्या कशासाठीही नाही.

ठिणगीला नेमकं काय लागतं

ठिणगी-यंत्रं बनवण्याच्या छंदात सगळ्यांचं लक्ष व्होल्टवर असतं. ठिणगी जितकी लांब तितकं यंत्र भारी, असा समज पक्का बसलेला आहे. गॅस पेटवण्याच्या कामात तो उपयोगाचा नाही. तिथे तीन गोष्टी बघायच्या: ठिणगीत ऊर्जा किती आहे, दोन टोकांमधलं अंतर किती आहे, आणि करंटला परत यायला धड वाट आहे की नाही.

ऊर्जेचा हिशोब आश्चर्यकारक आहे. मिथेन आणि हवा योग्य प्रमाणात मिसळलेली असतील तर पेटायला फक्त सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. प्रोपेनला साधारण ०.२५. हायड्रोजनला तर ०.०२ मिलिज्यूल, म्हणजे दहा पटींहून कमी. गाडीची कॉइल एका ठिणगीत २०-३० मिलिज्यूल सहज देते. तेव्हा ऊर्जेची चणचण नाही. तरीही अनेकांचे बर्नर पेटत नाहीत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अंतरात असतं.

कोरडी हवा फुटायला दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. टोकं अणकुचीदार असतील तर यापेक्षा कमीत काम होतं. म्हणून आळशी मन म्हणतं, अंतर एक मिलिमीटर ठेवू, ठिणगी हमखास पडेल. ठिणगी पडतेच, पण गॅस पेटत नाही. ठिणगीभोवती ज्योतीचा जो इवलासा गोळा जन्मतो, त्याची उष्णता दोन्ही बाजूंचं धातू शोषून घेतं आणि तो वाढण्याआधीच विझतो. मिथेन आणि हवेसाठी ही मर्यादा साधारण २ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्याहून जवळ टोकं ठेवली की ज्योत गुदमरते. म्हणून आपण ३ ते ४ मिलिमीटर ठेवणार. गाडीच्या स्पार्क प्लगचं अंतर ०.७-०.८ मिलिमीटर असूनही इंजिन चालतं, कारण आत मिश्रण दाबलेलं असतं आणि दाब वाढला की ही मर्यादा कमी होते. तोच प्लग उघड्या शेगडीवर लावला तर चटचट आवाज येत राहील आणि गॅस नुसता वाहत राहील.

कोणता मार्ग धरायचा

ऑनलाइन दुकानांत काळ्या नळकांडीसारखं एक मॉड्यूल मिळतं. ३.६ ते ६ व्होल्टवर चालतं आणि त्यावर ४०० किलोव्होल्ट, कधी १,००० किलोव्होल्ट असं छापलेलं असतं. खरोखर ४०० किलोव्होल्ट असते तर ठिणगी वीतभर लांब उडाली असती. हे मॉड्यूल सेंटिमीटरभर उडवतं, म्हणजे प्रत्यक्षात दहा-बारा किलोव्होल्टच्या घरातलं प्रकरण आहे. प्रयोगाला ठीक, पण ते काही सेकंदांत तापतं, आणि टोकं लांब ठेवून चालवलं तर आतलं इन्सुलेशन फुटून कायमचं मरतं. दुरुस्त करता येत नाही, आणि आत काय चाललंय हे समजतही नाही.

दुसरा मार्ग सीडीआयचा: बॅटरीचे ३०० व्होल्ट करायचे, ते कपॅसिटरमध्ये साठवायचे आणि एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचने कॉइलमध्ये ओतायचे. पुष्कळ मोटारसायकलींत हेच असतं. पण स्विच बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात, आणि नवख्याचा हात नेमका तेव्हाच आत जातो. पहिल्या प्रकल्पाला मी हा मार्ग सुचवणार नाही.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर, निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मर किंवा घरातल्या २३० व्होल्टवर चालणारं काहीही या कामात आणू नका. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर माणूस जागेवर मारतो. त्यात दुसरी संधी नसते.

उरतो तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा मार्ग. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास गाड्यांसाठी रुळवलेली पद्धत: कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे आतल्या कमी वेढ्यांच्या गुंडाळीतून, बॅटरीचा करंट वाहू द्यायचा, गाभ्यात चुंबकीय क्षेत्र भरलं की करंट झटकन तोडायचा. क्षेत्र कोसळतं, प्रायमरीवर ३००-४०० व्होल्टची उसळी येते आणि शंभरेक पट वेढे असलेल्या दुसऱ्या गुंडाळीवर, म्हणजे सेकंडरीवर, ती वीस-तीस हजारांपर्यंत चढू पाहते. वाटेत हवा फुटली की व्होल्टेज तिथेच थांबतं. केटरिंग यांच्या गाडीत करंट तोडायला उघडझाप करणारे पॉइंट होते, आपण तिथे आयजीबीटी हा करंट झटकन तोडणारा ट्रान्झिस्टर लावणार. या भागाच्या विकासाचं मोठं श्रेय जाणारे जयंत बालिगा आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, आणि गाड्यांचं इग्निशन हा आयजीबीटीच्या सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक.

कॉइल पारखून घ्या

जुनी जीप, ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० यांच्या जमान्यातली डब्याच्या आकाराची, तेल भरलेली कॉइल शोधा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे किंवा जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, नवीही मिळते. वरती मधोमध प्लगच्या वायरची खोबण आणि बाजूला + व − असे दोन स्क्रू किंवा टर्मिनल असतात.

दुकानातच मल्टिमीटर लावा. दोन छोट्या टर्मिनलांमध्ये सुमारे ३ ओहम दिसले पाहिजेत. मोजण्याआधी मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा, नाहीतर ०.३-०.४ ओहमची चूक सहज होते. १.५ ओहम आले तर ती कॉइल बॅलास्ट रेझिस्टर लावून वापरायची आहे. आपल्याला तिच्याबरोबर मालिकेत १.५ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर घालावा लागेल. ०.२ ते ०.५ ओहम आले तर ती सीडीआयची कॉइल, घेऊ नका. तिच्यातून करंट बेसुमार चढेल. मग + टर्मिनल आणि मधली खोबण यांच्यामध्ये मोजा: ६ ते १२ किलोओहमच्या आसपास हवं. अनंत दाखवलं तर आतली तार तुटली आहे.

तळाशी तेल पाझरल्याचा ओशट डाग असेल किंवा हलवल्यावर आत अर्धवट भरल्यासारखा डुचमळण्याचा आवाज आला तर ती कॉइल घेऊ नका. तेल हेच तिचं इन्सुलेशन.

बाकीचं सामान

मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. एनई५५५, बेससह. ७८०८ रेग्युलेटर. इग्निशनसाठीच बनवलेला आयएसएल९व्ही३०४०पी३ हा आयजीबीटी, हीट सिंक, अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचं बुश. रेझिस्टर (के म्हणजे किलोओहम): ४.७ के, ६८ के, १ के, १० के. कपॅसिटर: १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर, १० नॅनोफॅरड एक, ०.१ मायक्रोफॅरड दोन, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट एक, १,००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट एक. डायोड: १एन४१४८ एक, १एन४००७ एक, आणि उसळ्या पिणारा पी६केई१८ए. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, काचेचा २ अँपिअरचा फ्यूज होल्डरसह, झिरो पीसीबी, १ चौरस मिलिमीटरची वायर, आणि स्कूटरच्या हॉर्नचं बटण.

हॉर्नचं बटण मी मुद्दाम सांगतो आहे. दाबलं की चालू, सोडलं की बंद. टॉगल स्विच लावला तर यंत्र चालू राहून जाण्याची शक्यता राहते. या यंत्राला ज्योत पेटली की नाही हे कळत नाही, तेव्हा बोट सुटताच ते थांबलं पाहिजे.

ठिणगीच्या बाजूला कारची सिलिकॉन आवरणाची प्लग वायर लागेल. घरातली वायर, कितीही जाड असली तरी, ११०० व्होल्टची असते आणि इथे गळते. आणि एक सिरॅमिकचा इलेक्ट्रोड, ऑटो इग्निशन शेगडीचा सुटा भाग म्हणून मिळतो तो.

टायमरची जोडणी

५५५ ही चिप हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये रेखाटली आणि अजूनही तिला तोड नाही. पण तिच्या नेहमीच्या जोडणीत एक अडचण आहे: आउटपुट चालू राहण्याचा वेळ बंद राहण्याच्या वेळेपेक्षा नेहमी जास्त. आपल्याला उलटं हवंय. कॉइल ४ मिलिसेकंद भरायची आणि मग ४५-४७ मिलिसेकंद विश्रांती. उलटं झालं तर कॉइल आणि आयजीबीटी दोन्ही भाजून निघतील.

यावर तोडगा एका डायोडचा. पिन ८ आणि ४ एकत्र करून ७८०८ च्या ८ व्होल्टला, पिन १ ग्राउंडला. पिन ८ ते ७ मध्ये ४.७ के. पिन ७ ते ६ मध्ये ६८ के, आणि त्याच्याच दोन टोकांवर १एन४१४८, काळी पट्टी पिन ६ कडे. पिन ६ आणि २ एकत्र, तिथून १ मायक्रोफॅरड ग्राउंडला. पिन ५ वरून १० नॅनोफॅरड ग्राउंडला. पिन ८ आणि १ च्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरड. आता कपॅसिटर भरताना करंट ४.७ के आणि डायोडमधून जातो, रिकामा होताना ६८ के मधून.

०.६९३ च्या ओळखीच्या सूत्राने चालू वेळ ३.३ मिलिसेकंद येतो, पण डायोडवर ०.६ व्होल्ट पडत असल्याने प्रत्यक्षात तो ३.९ च्या आसपास भरतो. बंद वेळ सुमारे ४७. म्हणजे सेकंदाला साधारण १९ ठिणग्या. ३ ओहमच्या डबा कॉइलमध्ये ४ मिलिसेकंदांत करंट अडीच-पावणेतीन अँपिअरपर्यंत चढतो. आणखी वेळ दिला तरी ४ अँपिअरच्या पुढे तो जाऊच शकत नाही, नुसती उष्णता वाढते. इथे १ मायक्रोफॅरडला इलेक्ट्रोलिटिक वापरू नका. त्याची किंमत छापल्यापेक्षा खूप इकडेतिकडे असते आणि सगळा हिशोब बिघडतो.

बॅटरीच्या + पासून फ्यूज आणि बटण यांतून वायर कॉइलच्या + टर्मिनलला. टायमरला वीज देताना बटणानंतरच्या १२ व्होल्टपासून १एन४००७, मग पी६केई१८ए आणि १०० मायक्रोफॅरड ग्राउंडकडे, मग ७८०८, त्याच्या आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरड. १,००० मायक्रोफॅरड कॉइलच्या + टर्मिनलजवळ, फ्यूजच्या बॅटरीकडच्या बाजूला नाही, कॉइलकडच्या बाजूला.

आयजीबीटी आणि त्याचा हीट सिंक

पिन ३ वरून १ के मधून गेटला. गेट आणि एमिटरमध्ये १० के. छापील बाजू समोर धरली तर डावीकडून गेट, कलेक्टर, एमिटर. कलेक्टर कॉइलच्या − टर्मिनलला. एमिटर जाड वायरने थेट बॅटरीच्या −ला. या आयजीबीटीच्या पोटातच ४०० व्होल्टला उसळी अडवायची सोय आहे, त्यामुळे बाहेरून काही लावावं लागत नाही. गेटला मात्र १० व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. म्हणूनच ७८०८ घेतला, ज्यावर ५५५ चं आउटपुट साडेसहाच्या आसपास राहतं.

हा भाग नाहीच मिळाला तर आयआरएफपी४६० मॉसफेट चालेल. मग ड्रेन-सोर्सवर १.५केई३५०ए हा उसळी अडवणारा डायोड लावणं सक्तीचं, आणि त्याचं गेट साडेसहा व्होल्टवर पुरतं उघडत नसल्याने ५५५ ला ७८०८ वगळून डायोडनंतरचे ११-१२ व्होल्ट थेट द्यायचे.

आयजीबीटीची धातूची पाठ कलेक्टरलाच जोडलेली असते. म्हणजे प्रत्येक ठिणगीला त्या पाठीवर ४०० व्होल्ट येतात. अभ्रकाची चकती आणि बुश न घालता हीट सिंक कसलात तर तो सबंध हीट सिंक ४०० व्होल्टचा होतो. बसवल्यावर पाठ आणि हीट सिंक यांच्यात मीटरने कंटिन्युइटी तपासा. बीप वाजता कामा नये.

परतीची वाट

डबा कॉइलमध्ये सेकंडरीचं खालचं टोक स्वतंत्र बाहेर येत नाही. ते आतल्या आत प्रायमरीच्या एका टोकाला जोडलेलं असतं. गाडीत ठिणगीचा करंट प्लगमधून इंजिनाच्या बॉडीत, बॉडीतून बॅटरीत आणि तिथून कॉइलमध्ये परततो. आपल्या शेगडीला बॉडी नाही. गोबर गॅसचा पाइप रबरी किंवा प्लास्टिकचा असतो, म्हणजे बर्नर पूर्णपणे अधांतरी.

आता इलेक्ट्रोडवरून बर्नरवर ठिणगी उडाली आणि बर्नरमधून परतीची वायरच नसली तर काय होईल? करंट जिथून जमेल तिथून वाट काढतो. ओल्या ओट्यावरून, टेबलावरून, कधी शेगडीला टेकलेल्या तुमच्या हातातून, आणि पुष्कळदा बोर्डावरच्या ५५५ मधून. 'चिप वारंवार जळते' अशी जी तक्रार असते तिच्या मुळाशी बहुधा हेच निघतं.

म्हणून बर्नरपासून बॅटरीच्या −पर्यंत १ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढा. बर्नरच्या बाजूला ती पिळून गुंडाळू नका. गोल लग दाबून बसवा, बर्नरच्या पायाचा रंग आणि काजळी घासून चकचकीत धातू उघडा करा, आणि बोल्ट-वॉशरने आवळा. ही वायर सुटली तर शेगडीच्या अंगावरच हाय व्होल्टेज येतं, तेव्हा तिला पूर्ण यंत्रातली सर्वांत महत्त्वाची वायर समजा.

बॅटरीच्या −वर तीन वायरी येतील: बर्नरची, एमिटरची, आणि ५५५ च्या ग्राउंडची. तिन्ही वेगवेगळ्या आणाव्यात आणि एकाच बोल्टवर मिळाव्यात. एमिटरच्या वायरीतच मधे ५५५ चं ग्राउंड टोचलं तर अडीच अँपिअरच्या धक्क्यांनी टायमर भरकटतो.

बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, कॉइल डब्याबाहेर उभी बसवा. प्लगची वायर बाकी वायरींपासून दोन-तीन सेंटिमीटर लांबून न्या आणि त्यांच्याबरोबर कधीही बांधू नका.

टप्प्याटप्प्याने चाचणी

चाचणी ज्या खोलीत गॅस, पेट्रोल, थिनर, स्पिरिट नाही तिथेच करायची. बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना तर अजिबात नाही. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटू शकतो, आणि त्याला पेटायला किती कमी लागतं ते वर आलंच आहे.

पहिल्या टप्प्यात कॉइल जोडायचीच नाही. पिन ३ ला १ के मधून एलईडी लावा आणि १ मायक्रोफॅरडच्या जागी तात्पुरता १० मायक्रोफॅरड ठेवा. एलईडी सेकंदाला दोनेक वेळा क्षणभर लुकलुकला पाहिजे. जास्त वेळ पेटून क्षणभर विझत असेल तर डायोड उलटा लागलाय. हे जमलं की १० मायक्रोफॅरड काढून १ परत लावा. तो तसाच राहिला आणि कॉइल जोडली गेली तर ती प्रत्येक वेळी ४० मिलिसेकंद भरत बसेल.

दुसरा टप्पा: कॉइलच्या जागी १२ व्होल्टचा मीटर-कन्सोलमधला छोटा बल्ब. तो मंद, थरथरता पेटला म्हणजे आयजीबीटी उघडझाप करतोय. लख्ख पेटून राहिला तर आयजीबीटी शॉर्ट आहे किंवा पाय चुकलेत.

तिसऱ्या टप्प्याला ॲक्रिलिकच्या तुकड्यावर दोन स्क्रू ४ मिलिमीटर अंतराने बसवा. लाकूड नको, सादळलेल्या लाकडावरून ठिणगी सरपटत जाते. एका स्क्रूला प्लगची वायर, दुसऱ्याला बॅटरीच्या −ची वायर. आता कॉइल जोडा, एक हात पाठीमागे ठेवा आणि बटण दोन-तीन सेकंद दाबा. निळसर-पांढरी, ठसठशीत ठिणगी आणि कोरडा चट्चट् आवाज हवा. बारीक जांभळट रेघ आणि दबका आवाज म्हणजे करंट कमी भरतोय: बॅटरी उतरलेली, बटणाचा संपर्क खराब किंवा कॉइल चुकीची.

दोन नियम इथे मोडायचे नाहीत. प्लगची वायर मोकळी सोडून बटण कधीही दाबू नका. ठिणगीला हवेत वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आत वाट काढते आणि तिथे इन्सुलेशनला भोक पडतं. आणि मल्टिमीटरची टोकं ठिणगीच्या बाजूला लावू नका, मीटर जातो आणि हात जवळ असतो.

या कॉइलचा शॉक धडधाकट माणसाला सहसा प्राणघातक नसतो, पण झटका असा बसतो की हात उडून गरम शेगडीवर किंवा धारदार पत्र्यावर आपटतो. खरी इजा तिथे होते.

बर्नरवर बसवणं

इलेक्ट्रोडचं टोक बर्नरच्या कडेपासून ३-४ मिलिमीटरवर, भोकांच्या किंचित वर आणि बाहेरच्या अंगाला आणा, म्हणजे ठिणगी गॅसच्या धारेला आडवी छेदून बर्नरच्या धातूवर पडेल. भोकाच्या तोंडाशी मधोमध ठेवली तर तिथे निव्वळ गॅस दाट असतो, हवा पुरेशी मिसळलेली नसते. टोक वर, सिरॅमिक ज्योतीच्या पातळीखाली. गोबर गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो तांब्याला खातो, म्हणून टोक स्टेनलेस स्टीलचंच घ्या.

पहिल्यांदा अंधार करून, गॅस बंद ठेवून बटण दाबून बघा. ठिणगी फक्त टोकावर दिसली पाहिजे. वायरीवर किंवा सिरॅमिकच्या बुडाशी निळसर झाक दिसली तर तिथून गळती आहे.

वापरताना क्रम महत्त्वाचा: आधी बटण, चट्चट् ऐकू आलं की मग कॉक. उलटं केलंत तर गॅस साचल्यावर ठिणगी पडते आणि भडका उडतो. चार-पाच सेकंदांत पेटलं नाही तर आधी कॉक बंद, मग बटण सोडा, खिडक्या उघडा आणि काही मिनिटं थांबा. गोबर गॅस वजनाने जवळपास हवेइतकाच, त्यामुळे लवकर पसरून जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो, म्हणून एलपीजीच्या भट्टीवर हे वापरणाऱ्याने जास्त थांबावं आणि खालून वारा वाहील अशी जागा निवडावी. गॅसचा वास येत असताना 'ठिणगी पडते का बघू' म्हणून बटण दाबायचं नाही. गळती साबणाच्या पाण्याने शोधायची.

नव्याने भरलेल्या संयंत्राचा पहिला गॅस बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो पेटत नाही. तेव्हा यंत्राला दोष देण्याआधी तो गॅस सोडून द्या. चालत्या संयंत्रातही मिथेन ५५-६५ टक्के आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे ज्योत एलपीजीपेक्षा सावकाश धावते आणि बर्नरवरून सहज उचलली जाते. हवेची झडप आधी अर्धवट बंद ठेवून पेटवा, ज्योत स्थिर झाली की उघडा.

नंतरची देखभाल

दूध उतू गेलं, डाळ सांडली की सिरॅमिकवर खारट ओल बसते आणि ठिणगी टोकाऐवजी तिच्यावरून घसरते. गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं. एकदा सिरॅमिकवर काळी केसासारखी रेघ उमटली की ती कार्बनची वाट कायमची, इलेक्ट्रोड बदलायचा. कोकणातल्या पावसाळ्यात प्लगच्या वायरीचं कॉइलमधलं टोक रबरी टोपीसकट कोरडं आहे ना हे महिन्यातून एकदा बघावं.

ठिणगी अधूनमधून चुकत असेल तर आधी परतीच्या वायरीचा बोल्ट सोडून घासून पुन्हा आवळा. मग बटण दाबलेलं असताना बॅटरीवर मीटर लावा: ११.५ च्या खाली जात असेल तर चार्ज करा. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. सरासरी करंट पाव अँपिअरही नसताना २ अँपिअरचा फ्यूज उडाला, म्हणजे आयजीबीटी शॉर्ट झालाय किंवा ५५५ चं आउटपुट चालूच्या चालू अडकलंय. कॉइल काढून बल्बची चाचणी पुन्हा करा, दोष लगेच सापडेल.

ठिणगीमुळे शेजारच्या रेडिओवर खरखर येते. पेटल्यावर लगेच बटण सोडलं तर प्रश्न उरत नाही. तरी येत असेल तर साध्या तांब्याच्या वायरीऐवजी कार्बन गाभ्याची प्लग वायर लावा, तिच्यातल्या रेझिस्टन्सने खरखर बरीच दबते. वर्षातून एकदा बॅटरीची क्षमता तपासा आणि हीट सिंकचा स्क्रू आवळून अभ्रकाची कंटिन्युइटी पुन्हा बघा.